गेल्या वर्षीचा चिखल

कोजागिरीला दोन दिवस उरले होते आणि आमच्या बांधाला खांड पडली.

कोकिळा, माझी सून, सकाळी ओहोटीच्या वेळी बांधावर फेरी मारायला गेली होती. परत आली ती कमरेपर्यंत चिखलात. अंगणात उभी राहून तिने दोन्ही हात पसरले आणि फुटलेल्या जागेचं माप दाखवलं. एवढी. मग थोडं आठवून हात आणखी लांब केले. हिरामण, माझा मुलगा, ओट्यावर चहा पीत होता. पाणी आत आलं का, एवढंच त्याने विचारलं. कोकिळाने सांगितलं, रात्रीच्या भरतीला खालच्या वाफ्यात घोटाभर आलंय, निम्मं परत गेलं, निम्मं तिथेच आहे.

आमचं वाघखार गाव रेवदंड्याच्या खाडीला लागून. भरतीचं पाणी जेवढं चढतं, त्याच्यापेक्षा आमची शेतं खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये दीड मैल लांबीचा मातीचा बांध, दुसरं काही नाही. दगड नाही, सिमेंट नाही. खारं पाणी एकदा शेतात बसलं की तीन वर्षं तिथे काही उगवत नाही. आमचं अडीच एकर बरोबर खांडीच्या मागे होतं आणि दाणा भरत आला होता. पुनवेचं उधाण तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर खांड बुजली नाही, तर बांध दोन्ही बाजूंनी खचत जाणार आणि सगळं शिवार पाण्याखाली.

आमच्या घराला त्यात आणखी एक गोष्ट होती. हिरामणने उन्हाळ्यातच बोलून ठेवलं होतं की यंदा खारं पाणी शिरलं तर मी शेत विकणार. मुंबईचा एक माणूस दोनदा येऊन गेला होता. त्याला भाताशी काही घेणं नव्हतं, त्याला खाडी दिसेल असं घर बांधायचं होतं. तेव्हा कोकिळा चपात्या लाटत होती, ती लाटतच राहिली. एकोणिसाव्या वर्षी ती या घरात आली आणि त्याच वैशाखात माझ्या शेजारी चिखलात उतरली. अठ्ठावीस वर्षं झाली. तिच्या पायांच्या टाचा बघाव्यात, भेगांमध्ये जी काळी रेघ आहे ती आता आंघोळीने जात नाही.

सगळ्या घरांनी मिळून बांध राखायचा, याला आमच्याकडे जोळ म्हणतात. दर उन्हाळ्यात प्रत्येक घराने बारा दिवस एक माणूस द्यायचा. खाडीच्या बाजूचा चिखल कापायचा, त्याचे गोळे करायचे, रांगेत उभं राहून हातोहात बांधावर पोचवायचे आणि पायांनी तुडवून बसवायचे. मजुरी कोणी कोणाला देत नसे. माझे सासरे जोळीचे पुढारी होते. आमच्या पडवीच्या वाशाला प्रत्येक घराची काथ्याची दोरी टांगलेली असे आणि आलेल्या प्रत्येक दिवसाची तिच्यावर एक गाठ. मला अक्षर येत नव्हतं त्या काळी, पण अंधारात दोरीवरून बोट फिरवून मी सांगत असे की कोणाचे किती दिवस झाले.

सासरे गेले, दोऱ्या गेल्या. माणसं पनवेलला, अलिबागला कामाला लागली. गावातल्या दादूशेटच्या तीन गाड्या झाल्या, रेती आणि जांभ्याच्या. त्याने सरळ सांगितलं, मला वेळ नाही, पैसे सांगा किती द्यायचे. पैसे जमा व्हायला लागले, पण चिखलात उतरायला मजूर मिळेनात. नागावला पर्यटकांच्या खोल्या झाडायला त्याहून जास्त मिळत होते आणि तिथे अंगाला वास येत नव्हता. जोळीचे पैसे पेटीत पडून राहिले आणि बांध बसत गेला. कोण आला, कोण नाही आला, यावरून दर वैशाखात भांडणं.

तेव्हा माझ्या नातीने, प्राप्तीने, फोनातलं नाणं काढलं. ती ऐरोलीला कंपनीत कामाला आहे, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करते. गेल्या वर्षी फाल्गुनात ती माझ्याजवळ येऊन बसली आणि जोळ कशी चालायची ते तिने खोदून खोदून विचारलं. मी दोऱ्यांचं सांगितलं, गाठींचं सांगितलं. तिला फार आवडलं. म्हणाली, आजे, हे तर आम्ही कंपनीत करतो तेच आहे.

तिने फोनमध्ये तसंच केलं. बांधावर एक दिवस काम केलं की फोनात एक नाणं. सगळ्यांच्या फोनात एकच यादी, कोणाला खोटं लिहिता येणार नाही, लिहिलेलं खोडता येणार नाही. वर्षाला प्रत्येक घराने बारा नाणी दाखवायची. ज्याला चिखलात उतरायचं नसेल त्याने उतरणाऱ्याकडून विकत घ्यायची.

तो उन्हाळा मी विसरणार नाही. दादूशेटने सातशेने नाणी घ्यायला सुरुवात केली, मग नऊशेने. शहरात राहणाऱ्यांनीही घेतली. बायका पहाटे पाचला रांगेत. बांधावर इतकी माणसं मी माझ्या लग्नाच्या वर्षानंतर बघितली नव्हती. घरं सेहेचाळीस, म्हणजे दिवस लागणार साडेपाचशे. झाले सातशे पंचाण्णव. बांध असा झाला की वरून मोटारसायकल जावी.

लोकांनी बारा ठेवून वरची नाणी खर्चायला काढली. नाक्यावर जीवनचं दुकान आहे. तो साखर, तेल, फोनचं रिचार्ज, सगळं नाण्यावर द्यायला लागला. त्याचा हिशोब साधा होता. पुढच्या वैशाखात लोकांना नाणी लागतील, तेव्हा आपण विकू. शिमग्यापर्यंत त्याच्याकडे दोनशे बारा जमली, मग मात्र तो थांबला, कारण त्याच्याकडून परत कोणी घेईना.

कोकिळाने त्रेचाळीस दिवस काम केलं होतं. बारा घराची, एकतीस वरची. तिने एकही खर्चलं नाही. साडी घे म्हटलं, नाही. पंख्याची मोटर जळली, तरी नाही. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाली,

"आय, मी म्हातारी झाले का मना चिखलात उतराला व्हनार नाय. तवा हे एकतीस दिस मी बसून काडीन."

मला ते ऐकून बरं वाटलं. माझ्या तरुणपणी कोणी मला असं काही ठेवायला दिलं असतं तर, असंही मनात आलं.

मग यंदाचा वैशाख आला. प्राप्तीने गावाच्या ग्रुपवर लिहिलं की बारा नाणी दाखवा. सेहेचाळीस घरांनी दाखवली. सगळ्यांकडे गेल्या वर्षीची बारा होतीच. फोन वर केला, दाखवली, फोन खिशात. काम करायला कोणी बांधावर गेलं नाही, कारण कोणाकडे काही बाकी नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. प्राप्तीला वाटलं, बांध अजून धड असेल म्हणून काम निघालं नसेल. तिने कधी चिखल कापला नव्हता. कोकिळा एकटी दोन दिवस जाऊन खेकड्यांची भोकं बुजवून आली. पावसात वरची माती धुपली आणि भोकं पुन्हा मोठी झाली.

त्या सकाळी खांड बघून आल्यावर कोकिळा चिखलाच्याच अंगाने घरोघर गेली. मी काठी घेऊन तिच्या मागोमाग निघाले, पण तिसऱ्या घरापर्यंतच पोचले. सगळीकडे एकच. कोणी वाईट बोललं नाही. पाणी विचारलं, बसायला सांगितलं. आणि फोन पुढे केला. बघ, आमची बारा भरलेली आहेत. दिवस देऊन झालेत आमचे. कोकिळा म्हणाली, माझी एकतीस घ्या, मला एकतीस माणसं द्या. त्यावर केशवच्या सुनेने, ऋतिकाने, खरंच विचारात पडून उत्तर दिलं की घेऊन करू काय, जीवन तर घेत नाही.

दादूशेट मनाचा मोठा. त्याने तिथल्या तिथे जेसीबीला फोन लावला. मशीन दुपारी आलं, बांधावर चढलं आणि दहा पावलांत बांधच त्याच्याखाली बसायला लागला. ड्रायव्हरने ते मागे घेतलं आणि परत काही चढवेना. मग दादूशेटने मजुरांसाठी अलिबागला, नागावला फोन केले. हजार देतो, बाराशे देतो, आत्ता फोनवर टाकतो. कोजागिरीचे दिवस, शनिवार-रविवार जोडून आलेला, सगळी माणसं पर्यटकांच्या मागे. संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. एवढा धिप्पाड माणूस, पण फोन हातात नुसता धरून होता.

"वयनी, पैसं हायत गो. मानूस नाय."

कोकिळा टाचेतून काटा काढत होती. तिने मान वर केली नाही.

तो गेल्यावर प्राप्ती माझ्याजवळ आली. दिवसभर ती लॅपटॉपसमोर बसून होती आणि काय चुकलं ते शोधत होती. तिने विचारलं,

"आजे, तुमच्या वेळी जुन्या गाठी साठून नाय राहायच्या? मागल्या वर्षीच्या?"

नारळी पुनवेला सासरे सगळ्या दोऱ्या वाशावरून काढत. नारळाबरोबर त्या खाडीत सोडून देत. ज्याचे वीस दिवस झाले त्याची दोरी जाई आणि ज्याचे बारा झाले त्याचीही जाई. दुसऱ्या दिवशी सगळी घरं सारखी. मी ते पूजेतलं धरलं होतं. हळद-कुंकू, नारळ, दोऱ्या. जोळीचं विचारलं तेव्हा पूजेचं कशाला सांगायचं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं तेव्हा प्राप्तीने लॅपटॉप मिटला. मला वाटलं माझ्यावर रागावेल. तिने फक्त एवढं म्हटलं की मी विचारायला हवं होतं. मग आतून कोकिळाचा आवाज आला. ती चुलीशी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"मागल्या वर्साचा चिखल तर व्हाऊन गेला. मग नाणा कसा ऱ्हायला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी समाजमंदिरात गाव बसलं. हिरामण यायला तयार नव्हता. म्हणाला, लोकांच्या पाया पडायला मी येणार नाही, मुंबईवाल्याला फोन करतो. कोकिळाने त्याला चपला आणून दिल्या आणि पुढे चालू लागली. तो आला.

आधी मला बोलायला लावलं. मी दोऱ्यांचं सांगितलं, शेवटचंही सांगितलं, आणि ते सांगायचं राहिलं ही माझी चूक, हेही सांगितलं. म्हातारी माणसं माना हलवायला लागली. भिवाच्या आईला आठवलं, दोऱ्या पाण्यात वळवळत जायच्या आणि आम्ही पोरी हसायचो. तरुणांपैकी एकाने विचारलं, मग आता काय, फोन खाडीत टाकायचे? सगळे हसले. प्राप्तीही हसली, मग उभी राहिली.

तिने सांगितलं की या यादीतलं काही खोडता येत नाही, मलाही येत नाही. मी ती तशीच बांधली. पण ही यादी तुमच्या सगळ्यांच्या फोनात आहे म्हणूनच आहे. सगळ्यांनी आपापल्या फोनातून काढली, तर ती कुठेच नाही.

जीवन भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. त्याची बायको सुचिता बायकांमध्ये बसली होती, तिने पदर तोंडाशी धरला. जीवन शांतपणे बोलला.

"मी माल दिलाय. तेल दिलाय, साकर दिली. दोनशे बारा हायत माझी. त्याची खाडी करताव?"

त्याचं खरं होतं. ज्यांनी त्याचं तेल खाल्लं होतं ती माणसं जमिनीकडे बघायला लागली. दादूशेट म्हणाला की माझीही विकत घेतलेली आहेत, पण त्याचा फोन त्याने आधीच मांडीवर काढून ठेवला होता.

कोकिळा उठली. तिचा फोन जुना, काच तडकलेली. तिने तो प्राप्तीच्या हातात दिला. प्राप्ती म्हणाली, आई, तू स्वतः काढ. कुठे दाबायचं ते तिने दाखवलं. कोकिळाने अंगठा पुसला आणि दाबला. चिखलकामाने अंगठ्याची कातडी इतकी जाड झालीय की फोनला तो कळेना. दुसऱ्यांदा दाबला, तिसऱ्यांदा दाबला. लोक बघत होते. तिच्या कपाळावर घाम आला होता. चौथ्यांदा ते सगळं गेलं.

"जीवन, तुना सांगतंय. तुजी दोनशे बारा मालाची. माजी एकतीस माज्या म्हातारपनाची व्हती."

जीवनने तिच्याकडे बघितलं आणि तो बाहेर निघून गेला.

मग दादूशेटने काढलं. मग भिवाच्या आईने नातवाकडून काढून घेतलं. एकेक करत सदतीस घरांनी काढलं. नऊ घरांनी नाही काढलं. कोणी त्यांना काही म्हटलं नाही. पहाटेच्या ओहोटीला यायचं असं ठरलं, पण किती येतील हे मी कोणाला विचारलं नाही. हिरामण घरी आल्यावर फावड्याचा दांडा ठोकून घट्ट करत बसला. मुंबईवाल्याला फोन त्याने केला नाही.

पहाटे मी बांधावर गेले. मला चिखलात उतरवणार नव्हते, पण घरी बसवेना. उजाडलं तेव्हा मी मोजलं, तर एकतीस माणसं होती. जेवढी कोकिळाने मागितली होती तेवढी, पण ते मोजायला त्या दिवशी दुसऱ्या कोणाला वेळ नव्हता. खांड रात्रीत दोन पुरुषांएवढी लांब झाली होती. आधी बांबू ठोकले, त्यांना पेंढा आणि करंजाच्या फांद्या गुंफल्या. मग रांग लागली. कापणारे खाली, गुडघ्यापर्यंत रुतलेले. गोळा हातात पडला की तो पुढच्याच्या हातात. तोंडाने काही बोलायचं नाही, श्वास पुरत नाही. दादूशेटने वीस वर्षांत चिखलाला हात लावला नव्हता. तो तिसऱ्याच पावलाला मांडीपर्यंत रुतला आणि चार जणांना त्याला उपटून काढावं लागलं. तो म्हणाला, मला इथेच राहू द्या, खांड बुजेल. त्या सकाळी लोक तेवढेच एकदा हसले.

आठच्या सुमारास जीवन आला. दुकान बंद करून, सुचिताला घेऊन. कोणाशी बोलला नाही. रांगेत जिथे फट होती तिथे उभा राहिला, आणि ती फट कोकिळाच्या शेजारी होती. रांगेत तसंच असतं, शेजारी कोण ते आपण ठरवत नाही. दोन तास तो तिच्या हातातून गोळे घेत होता. गोळा घेताना माणसाला समोरच्याच्या हाताखाली हात न्यावाच लागतो, नाहीतर तो पडतो. एकही पडला नाही.

दहा वाजता भरतीने जोर धरला. अकराला खाडी बांधाच्या पायाला लागली. माती बसायला वेळच नव्हता, म्हणून सगळी माणसं नव्या बांधावर चढून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तुडवत राहिली. पाणी चढत होतं. मधोमध एक ठिकाण पाझरायला लागलं. कोकिळा तिथे शेताच्या बाजूने खाली उतरली आणि बांधाला पाठ लावून बसली. हिरामण उतरला, तिच्या शेजारी बसला. मग जीवन. वरून लोक त्यांच्या पाठीमागे चिखल दाबत होते. पाणी बांधाच्या कडेला टेकलं, वरच्या माणसांच्या पावलांना लागलं. तिथे ते बराच वेळ राहिलं, म्हणजे मला बराच वाटला. मग कोणीतरी म्हणालं की काडी मागे गेली. पाण्यावर तरंगणारी एक काडी बांधापासून वीतभर मागे सरकली होती.

तिघं तशीच बसून होती. उठायची ताकद नव्हती. जीवन समोरच्या भाताकडे बघत बोलला, की काकी, तू माझा माल तर बुडवलासच.

कोकिळाने तोंडावरचा चिखल दंडाने पुसला. ती मोठ्याने बोलली, वरच्यांना ऐकू जाईल असं.

"येत्या वैशाखात तुज्या घरचे बारा दिस मी टाकीन. माजे बारा टाकून तुजे बारा."

वर उभ्या प्राप्तीने खिशाकडे हात नेला आणि तो चिखलाने भरलेला हात तसाच थांबला. तिच्या फोनात आता लिहायला यादीच नव्हती. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि मी.

जीवन म्हणाला,

"बारा नको. सा दिस टाक. बाकी सा दिस सुचिता यल."

"मी कदी बोलले?" सुचिता वरून म्हणाली. लोक थकलेले हसले. मग तिने म्हटलं, "यन. सा यन."

खालच्या वाफ्यातलं पाच-सहा गुंठे भात मेलं. पाणी तिथे आधीच बसलं होतं. बाकीचं उभं होतं, कणसं खाली वाकलेली. हिरामण उठला आणि खालच्या वाफ्याच्या कडेने चालत गेला. एका जागी वाकून त्याने पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, थुंकलं. चार पावलं पुढे गेला, पुन्हा चाखलं, पुन्हा थुंकलं. तिसऱ्या ठिकाणी चाखलं आणि गिळलं. तिथे त्याने एक काठी रोवली आणि वर बघून कोकिळाला ओरडून सांगितलं की इथून वर कापायला येत्या पंधरवड्यात विळे लागतील.